दोन फोनांची कुस्ती

"दोन-दोन फोन घेऊन काय करून राहिले जी?" शकुनबाईंनी ओट्यावर येत विचारलं.

"कुस्ती लावली," श्यामराव मान वर न करता म्हणाले. "मधात बोलू नको. चाल चुकते."

समोर तडकलेल्या काचेचा जुना फोन, शेजारी मुलीने, हर्षाने, दिवाळीला दिलेला नवा. दोन्हींत बुद्धिबळाचा तोच खेळ आणि खेळणारं मशीन दोन्हीकडे लेवल चारचं. जुना जी चाल करी ती श्यामराव नव्यावर करत, नवा जे उत्तर देई ते जुन्यावर. स्वतःचं डोकं घालायचंच नाही, निव्वळ हमाली!

तुमसर रोडजवळच्या फाटकावर एकतीस वर्षं गेटमन म्हणून काढलेला माणूस. ड्युटी सुटली की टपरीवर पट मांडून हात बसलेला. निवृत्तीनंतर रोज दुपारी लेवल चारला धूळ चारायची आणि मग ऐटीत पान खायचं, असा थाट. पण गेल्या दोन महिन्यांत नव्या फोनवर ते एकदाही जिंकले नव्हते. घोडा कुठे न्यायचा ते ठरवत आणि बोट टेकेपर्यंत का ठरवलं तेच विसरत.

थोरल्या भावाचं, तुलारामचं, असंच सुरू झालं होतं. आधी पत्त्यांचा डाव चुकायला लागला, मग शेताची वाट, आणि शेवटी बायकोलाच विचारू लागला, "तुमी कोनाच्या घरच्या?" श्यामरावांनी ते स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

अशात हर्षा नागपूरहून फोनवर सहज बोलून गेली, "बाबा, नव्या फोनमधली गेम अपडेट झाली असन. आता भारी खेळत असन ते."

श्यामरावांनी हे वाक्य घट्ट धरून ठेवलं. जुन्या फोनात वर्षभर नेट नाही, तिथलं मशीन होतं तसंच असणार. त्याच्याशी स्वतः खेळून पाहायची मात्र छाती होईना. मग ठरवलं, दोघांनाच लढवायचं. दहा डाव. नवा जास्त जिंकला तर मशीन हुशार झालं, आपण ठणठणीत. बरोबरी झाली तर... पुढचं त्यांनी मनातसुद्धा पूर्ण केलं नव्हतं.

चार दिवस हेच चाललं होतं. आज शेवटचा डाव. नव्याचे पाच, जुन्याचे चार.

"हा एक नव्याले जिंकू दे, माय," ते पुटपुटले.

जुन्याने घोड्याने शह दिला आणि नव्याच्या राजाला जागाच उरली नाही.

"कोन जितलं?"

"पाच-पाच. बराबरी."

"मंग चांगलंच झालं का नाई! भांडन मिटलं. चहा मांडू?"

"मांड."

शकुनबाई आत गेल्या. श्यामरावांनी फोन बाजूला सारले आणि हर्षाची एक जुनी वही ओढली. फाटकावर पाळी बदलताना चार्ज लिहून द्यावा लागे. दिवा, झेंड्या, किल्ल्या, सगळं. घेणारा तपासून सही करी. ती होईपर्यंत देणाऱ्याने फाटक सोडायचं नाही, मग घरी लग्न असो की मयत.

ते त्याच ठसठशीत अक्षरात लिहू लागले. गॅसचा नंबर दारामागे आहे. मोटर सुरू करायचं बटण डावीकडचं. माझी बीपीची गोळी सकाळी, निळ्या पाकिटातली. मी एकटा बाहेर निघालो तर कुठे म्हणून विचारावं. तुला ओळखलं नाही तर वाईट वाटून घेऊ नये.

शकुनबाई चहा घेऊन आल्या आणि उभ्यानेच वाचू लागल्या. वाचून झालं तशा चहा खाली ठेवून शेजारी बसल्या. तुलारामचं घर त्यांनीही पाहिलं होतं.

"आत्ताच काहून जी हे? पहिले डॉक्टरले तं दाखवू."

"दाखवू ना. सोमवारी भंडाऱ्याले जाऊ. पन आत्ता लिवलं तं बराबर लिवनं होते."

शकुनबाईंना रडू आवरेना. श्यामरावांनी घाई केली नाही. खाली रेघ मारून त्यांनी एका बाजूला 'चार्ज दिला' लिहून सही केली, दुसऱ्या बाजूला 'चार्ज घेतला' लिहिलं आणि पेन पुढे केलं.

शकुनबाईंनी पदराने डोळे पुसले. एकेक अक्षर लावत त्या सावकाश सही करू लागल्या. चहा निवत होता. त्यांचं नाव पुरं होईपर्यंत श्यामराव जागेवरून हलले नाहीत.