चौघांना पुरेल असा

सगळे त्याला काटेवालाच म्हणत. गोदामांतले, कारखान्यांतले मोठाले वजनकाटे तपासायचे, कुठे उणंअधिक दाखवत असतील तर ताळ्यावर आणायचे, सील ठोकायचं आणि पुढच्या गावाची गाडी धरायची, हे काम तो चोवीस वर्षं करत आला होता. महिन्यातले वीस दिवस बाहेर. लग्न झालं होतं, पण ते दोन वर्षांच्या वर टिकलं नाही. "तुमचा संसार त्या बॅगेशीच आहे," एवढंच बोलून बायको निघून गेली होती. भांडलीसुद्धा नाही.

पूर्वी त्या बॅगेत पाने, पेचकस आणि एक वही असली की भागायचं. आता कंपनीने टॅबलेट दिला होता, पावत्या छापायचा छोटा प्रिंटर दिला होता, ऑफिसचा फोन दिला होता. शिवाय त्याचा स्वतःचा फोन. मागच्या आठवड्यात एका गोदामात ऐन तपासणीत टॅबलेटने मान टाकली. जवळपास प्लग एकच, तोही पहारेकऱ्याच्या खोलीत. तिथे टॅबलेटमध्ये जीव येईपर्यंत काट्यावर चढवलेला ट्रक आणि त्याचा ड्रायव्हर, दोघंही ताटकळले. ऑफिसात साहेबांनी त्याला फैलावर घेतलं. "अहो, एक पॉवरबँक घ्या की! जग कुठे चाललंय आणि तुम्ही प्लग शोधत फिरताय."

म्हणून शनिवारी दुपारी तो दुकानात गेला. काउंटरवर चाळिशीची एक बाई होती, चष्मा कपाळावर चढवलेला.

"किती वस्तू चार्ज करायच्यात?"

"चार."

"चार? म्हणजे सहकुटुंब सहल दिसतेय!"

नाही म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि त्यातून "हो" बाहेर पडलं. कसं ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

"मिसेसचा फोन कुठला?"

त्याने ऑफिसच्या फोनचं वर्णन केलं. टॅबलेट मुलीचा झाला. प्रिंटर मात्र कोणाच्या गळ्यात बांधावा ते त्याला सुचेना.

"मुलाचं काहीतरी यंत्र आहे," तो म्हणाला. "मला त्यातलं काही कळत नाही."

"कुणाला कळतं हो? माझा मुलगा तर मला हात लावू देत नाही." बाईंनी दोन डबे काढून त्याच्यापुढे ठेवले. "हा लहान. एकट्या माणसाला ठीक. हा मोठा, तीन तोंडांचा. पण लक्षात ठेवा, तिन्ही तोंडांना एकदम लावलंत की वीज वाटली जाते, सगळंच सावकाश भरतं. आणि डब्यावर आकडा छापलाय ना, तेवढं काही हाती लागत नाही. दोन तृतीयांश धरून चाला."

"छापलेलं एक आणि मिळतं एक?" त्याला राहवलं नाही. "आमच्या धंद्यात असं केलं तर काट्याला टाळं लागेल."

बाई खळखळून हसल्या. त्याने मोठा डबा तळहातावर तोलला. "चारशे वीस ग्रॅम."

बाईंनी खोका उलटून पाहिला. चारशे अठरा लिहिलं होतं. "काय हात आहे हो!" त्या म्हणाल्या. "आता सांगू का, लहान घेऊ नका. चौघांत पुरायचा नाही, भांडणं होतील."

खरं तर एकट्याच्या कामाला, लॉजवर रात्री प्लग मिळत असताना, लहान डबाही पुरला असता. पण भांडणं होतील हे त्याला फार आवडलं. त्याने मोठा घेतला, सोबत तीन वायरी घेतल्या आणि "मुलांना आवडेल" असंही दारातून सांगून आला. रस्त्यावर आल्यावर त्याला स्वतःचीच लाज वाटली.

डबा कामाचा निघाला. टॅबलेट दिवसभर टिकायला लागला, प्रिंटर अडेनासा झाला. ऑफिसचा फोन दुपारीच गळून जायचा, त्यालाही आधार झाला. त्याच्या स्वतःच्या फोनला मात्र त्यातलं काही लागत नव्हतं. तो सोमवारी भरला की गुरुवारपर्यंत निम्म्याच्या खाली जात नसे.

दुसऱ्या फेरीत एका जंक्शनवर गाडी अडकली. पुढे रुळाचं काम निघालं होतं. दुपारचे चार वाजलेले, प्रतीक्षागृह भरलेलं आणि भिंतीवरचे प्लग सगळे मेलेले. शेजारच्या मावशींनी बराच वेळ त्याच्या डब्याकडे पाहिलं आणि मग विचारलं, "भाऊ, त्यात जरा वीज शिल्लक आहे का?"

त्याने वायर पुढे केली. फोन जिवंत होताच मावशींनी घरी लावला. उशीर होणार, मांजराला आत घ्या, दार नीट लावा, असं सगळं बजावून झाल्यावर त्या त्याच्याकडे वळल्या. "तुम्ही कळवलंत का घरी?"

"कळवतो."

"आत्ता कळवा. घरची माणसं जिवाला घोर लावून बसतात."

मावशी बघत बसल्या. आता फोन काढण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्याने नावांवरून बोट फिरवलं आणि ताईच्या नावावर थांबला. मोठी बहीण. भाचीच्या लग्नात भेटले होते, त्याला दीड वर्ष झालं होतं.

"काय झालं?" ताईने उचलताच विचारलं. "कोण गेलं?"

"कुणी नाही गं. गाडीला उशीर आहे, म्हणून कळवावं म्हटलं."

"कुठली गाडी? तू इकडे येतोयस?"

"नाही."

"मग मला कशाला कळवतोयस?"

त्याने मावशींकडे पाठ केली. "कुणाला तरी कळवायला हवं ना," तो म्हणाला.

ताई म्हणाली, "जेवलास का?"

"बिस्किटं खाल्ली."

"बिस्किटं म्हणजे काय जेवण झालं, छोट्या?" तिच्या मागे घंटी वाजली. "दारावर कोणीतरी आलंय बघ. रविवारी करते हं फोन, निवांत."

गाडी सात वाजता सुटली. मावशींनी जाताना त्याला "सुखरूप जा" म्हटलं.

रविवारी तो लॉजच्या खोलीत बसून राहिला. फोन हाताशी ठेवला. कपडे धुतानाही नळ बारीक सोडला, आवाजात घंटी हरवायला नको म्हणून. दुपारी खाली खानावळीत गेला तेव्हा फोन ताटाशेजारी ठेवला होता. संध्याकाळी रेंज आहे ना ते खिडकीशी जाऊन पाहिलं. रेंज होती.

सोमवारी गोदामात चहाची सुट्टी झाली तेव्हा त्यानेच फोन लावला.

"अगं बाई! काल पाहुणे आले आणि साफ विसरले बघ," ताई म्हणाली आणि लगेच गुडघेदुखीवर आली. गुडघा कसा धरतो, डॉक्टर काय म्हणाले, सुनेने कुठलं तेल आणलं, त्याने काडीचाही फरक कसा पडला नाही. त्याला ती काहीच विचारत नव्हती. तो रिकाम्या काट्याच्या कडेला बसून हं हं करत राहिला. चहा निवून गेला.

"चल, कामं पडलीत," ताई शेवटी म्हणाली.

"बुधवारी करू का?"

"बुधवारी दवाखाना आहे माझा."

"मग गुरुवारी? दवाखान्यात काय म्हणाले ते सांग."

"गुरुवारी कर," ती म्हणाली. "पण दुपारी नको, मी झोपते."

"अकराला करतो."

तिने फोन ठेवून दिला होता. त्याने तो खिशात घातला, निवलेला चहा एका घोटात संपवला आणि हमालांना हाक मारली. वीस-वीस किलोची वजनं ओळीने काट्यावर चढायला लागली.