सुई मोडली की हात वर

सोमवारनंतर एकही सुई मोडली नव्हती. बाहेरच्या माणसाला ही चांगली बातमी वाटली असती. शिवणखातं सांभाळणाऱ्या ताईला मात्र ती धोक्याची वाटत होती.

एवढी मशिनं दिवसभर धडधडतात, तिथे सुई मोडणारच. जाड शिवण आली की मोडते, घाईत कापड ओढलं की मोडते, आणि कधी काहीच कारण नसताना, नुसती रुसून मोडते. इथे तान्ह्या बाळांची झबली शिवली जात, म्हणून एक नियम होता. सुई मोडली की बाईनं हात वर करायचा. मशिन बंद. आजूबाजूच्या सगळ्या खाली वाकणार, तुकडे शोधणार, ताईच्या टेबलावर अख्खी सुई जुळवून दाखवणार, तेव्हाच कपाटातली नवी सुई हातात पडणार. एखादा तुकडा सापडला नाही तर शिवलेली सगळी थप्पी बाजूला. आणि या सगळ्यात सुई मोडणारीला कुणी चकार शब्द बोलायचा नाही. ताईनं तर नाहीच नाही.

कारण ताईचं जुनं नाव होतं भोंगा. तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की भिंतीवरच्या पाली पळायच्या. बाया सुईच काय, बोटात घुसलेलं टोकसुद्धा लपवायच्या. असंच एक टोक एका झबल्याच्या गळ्यात राहून गेलं आणि कुठल्याशा बाळाच्या मानेवर ओरखडा उठला. नशीब, ओरखड्यावर निभावलं. मालकांनी त्या मानेचा फोटो पुढे धरला तेव्हा ताईच्या पायाखालची जमीन सरकली. टोक एका बाईनं लपवलं होतं, पण ते ताईच्याच भीतीनं.

त्यानंतर तीन वर्षं ती स्वतःला वळण लावत राहिली. राग आला की पाण्याचा घोट घ्यायचा आणि तो गिळायचा नाही, तोंडात धरून ठेवायचा. बाया कुजबुजायच्या, ‘ताईंच्या तोंडात पाणी आहे गं, काय सांगायचंय ते आत्ताच सांगून टाका.’ घरीही तिचा आवाज खाली आला, तेव्हा नवरा घाबरून म्हणाला होता, ‘डॉक्टरकडे जायचं का?’ हळूहळू हात वर यायला लागले. भोंग्याची ताई झाली.

आणि सोमवारी एका वाक्यात सगळं मातीत गेलं. ही ऑर्डर शुक्रवारी गेली नाही तर हे खातं बंद, असं मालकांनी फोनवर नुकतंच बजावलं होतं. फोन ठेवते न ठेवते तोच गुंडीनं हात वर केला. बुटकी, गोलमटोल, म्हणून ती गुंडी. ताईच्या तोंडून सुटलं, “आत्ताच मोडायची होती का? डोळे काय घरी ठेवून येतेस?”

लगेच तिनं जीभ चावली. गुंडीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, “जाऊ दे.” जाऊ दे! जणू चूक गुंडीची होती आणि हिनं मोठ्या मनानं माफ केली होती.

तेव्हापासून हात नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही, गुरुवारी नाही.

आज शुक्रवार. खोकी बंद झाली होती, दारात ट्रक उभा होता, आणि ताईला मशिनखाली सुयांचं एक रिकामं पाकीट सापडलं. तिच्या कपाटातलं नव्हे, बाहेरच्या दुकानातलं. ते हातात घेऊन ती बाह्या लावणाऱ्या मावशींकडे गेली. मावशी सगळ्यांत जुन्या.

“मावशी, बाया स्वतःच्या सुया आणतायत का?”

मावशींनी नजर वर केली नाही. “मला काय ठाऊक? मी आपली बाह्या लावते.”

“नाव नका सांगू. तुकडे सगळे सापडतायत का, एवढंच सांगा.”

“शोधतात हो. आपापल्या शोधतात.”

“सापडतात का?”

मावशींनी दातानं दोरा तोडला आणि पुढची बाही घेतली.

दारातून ड्रायव्हर ओरडला, “ताई, माल भरू ना?” टेबलावर मालकांचा फोन वाजू लागला. ‘हो’ म्हटलं तर खातं वाचणार होतं आणि कुठल्यातरी घरात एक आई बाळाला नवं झबलं घालणार होती. आतून भोंगा उसळून आला: कुणी केलं, पुढे या, एकेकीला बघते! तिनं पाण्याचा घोट घेतला. मग वाटलं, आज नुसतं गप्प राहून भागणार नाही. तिनं तो गिळला आणि मुख्य बटण बंद केलं. सगळी मशिनं थांबली.

ताईनं स्वतःचा हात वर केला.

“चूक माझी झाली,” ती म्हणाली. “सोमवारी मी गुंडीवर ओरडले. हात वर करणारीवर ओरडले. माल जाणार नाही. खोकी उघडायची आहेत. मालकांना मी सांगेन, जे व्हायचं ते माझं होईल. कुणालाही काही विचारणार नाही. फक्त कुठल्या थप्पीत शोधायचं, तेवढं सांगा गं.”

फोन वाजून बंद झाला, पुन्हा वाजू लागला. तिचा खांदा भरून आला, तरी तिनं हात खाली घेतला नाही. एवढ्या बायांमध्ये ती इतकी एकटी कधीच पडली नव्हती.

मग गुंडीचा हात उठला, जेमतेम कानापर्यंत. ताईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिला गुंडीला मिठी मारावीशी वाटली.

गुंडीच्या शेजारणीचा हात वर आला. मग मावशींचा. मग गळा शिवणाऱ्या दोघींचे, एकदमच. एकेक हात म्हणजे न सापडलेली एकेक सुई होती. ज्या हातांसाठी ती सोमवारपासून तळमळत होती ते समोर येत होते आणि ती मनातल्या मनात विनवत होती, पुरे, आता पुरे गं बायांनो.

तिनं पाण्याचा मोठा घोट घेऊन तोंडात धरला. मागच्या रांगेत आणखी एक हात वर आला.