एकाच पाटीवर दोन पत्ते

मी एक जुना दुभाष्या आहे, कॉम्प्युटर प्रोग्रॅम लिहायच्या 'सी' भाषेतला. जीव केवढा, तर दहा-बारा ओळींचा. हसू नका, मित्रांनो! कॉम्प्युटरचा पत्ता आतून कसा असतो माहितीय? नुसते शून्य आणि एक, बत्तीस, एका रांगेत. बघून डोकं गरगरेल. मी त्याचे आठ-आठचे चार तुकडे करतो, प्रत्येकाचा आकडा काढतो, मध्ये टिंबं देतो आणि माझ्या पाटीवर लिहितो: १०.०.०.७. झालं. वाचा आता.

पाटी मात्र एकच. घडवणाऱ्यांनी तेवढीच दिली. नवा पत्ता आला की जुना पुसायचा. तेव्हा कुणाची तक्रार नव्हती. मग माझंच काम करणारी धाकटी बहीण आली. तिला काम देणारा स्वतःची पाटी देतो, म्हणून तिचं कौतुक. आणि प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकांत माझ्या नावापुढे काय, तर 'वापरू नका'! डोकं फिरतं हो.

मी होतो रुग्णवाहिकेच्या फोनखोलीत. गाडी एकच. फोन आला की मशीन तो गाडीतल्या स्क्रीनवर धाडायचं, आणि कुठून धाडला ते मी नोंदीत वाचून दाखवायचो. एके दिवशी गाडीत नवीन स्क्रीन बसली. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या काकूंनी नोंदीच्या ओळीत भर घातली: 'कुठून' आणि 'कुठे', दोन्ही छापायचं.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर तणतणत वर आला. "काकू, सकाळपासून एक कॉल नाही! काचा पुसून पुसून झिजल्या!"

नोंद उघडली. प्रत्येक ओळीत तेच: १०.०.०.७ कडून १०.०.०.७ कडे.

"मशीन स्वतःलाच फोन लावतंय!" फोनखोलीचे साहेब ओरडले. "बाराला सगळं बंद करा. दुसरं बसवा."

"चार तास लागतील, साहेब. तेवढ्यात कुणाला काही झालं तर?"

"मग तुम्ही सांगा उपाय. बाराला दहा कमी आहेत."

मी आतून बोंबलत होतो: काकू, मशीन बरंय! तुम्ही एकाच ओळीत मला दोनदा बोलावलंत. मी एक पत्ता लिहिला, लगेच पुसून दुसरा लिहिला. छापायची वेळ आली तेव्हा दोन्हीकडे उरलेला एकच गेला!

काकूंनी चष्मा कपाळावर सारला. "अगं बाई! ह्याची पाटी एकच की!"

"कुणाची पाटी?" साहेब चक्रावले.

काकूंनी लगेच ओळ बदलली. पहिला पत्ता बाजूला उतरवून घेतला, मग मला दुसरा विचारला. नोंद आली: १०.०.०.७ कडून १०.०.०.९ कडे.

"नऊ?" ड्रायव्हर म्हणाला. "तो जुन्या स्क्रीनचा. ती काल कपाटात टाकली. नवीचा सतरा आहे!"

"म्हणजे सकाळपासून आपण कपाटाला बोलावतोय," काकू म्हणाल्या आणि नऊचे सतरा केले.

फोन वाजला. जिन्यावरून एक आजोबा पडले होते. खाली गाडीतली स्क्रीन टुंग करून बोलली, ड्रायव्हर तीन-तीन पायऱ्यांच्या उड्या मारत गेला. सहा मिनिटांत गाडी आजोबांच्या दारात! बारा वाजून गेले, खोली चालूच.

"आणि मशीन?" साहेबांनी विचारलं.

"शहाणं आहे. चूक माझी होती," काकू म्हणाल्या.

मित्रांनो, जुन्याकडून काम घ्या, बिनधास्त घ्या. पण त्याची रीत आधी समजून घ्या, आणि एक उत्तर उतरवल्याशिवाय दुसरं मागू नका. काकूंनी मला काढलं नाही. माझ्या ओळीवर शेरा मारला: 'एका वेळी एकच विचारा.' मी तिथेच आहे, ठणठणीत. बोला, कुठला पत्ता वाचून दाखवू?