ते एक मत कुणाचं?

आमच्या गावात कम्युनिस्ट पक्षाचे चार सभासद आहेत. एके काळी अख्खं गाव सभासद होतं. मग हंगेरीत राजवट बदलली, लोक पांगले आणि हे चौघे तेवढे उरले. त्यांच्या बैठका माझ्या गुत्त्याच्या मागच्या खोलीत भरतात.

गेल्याच्या आदल्या खेपेला पंचायतीसाठी त्यांनी आपल्या अध्यक्षांना, वेंडेलकाकांना, सरपंचबाईंच्या विरोधात उभं केलं. काका भर पावसात चौकात पत्रकं वाटत उभे राहिले. निकाल लागला, तर काकांना मत एक.

दुसऱ्याच दिवशी तातडीची बैठक बसली. फितुरांनी आपणहून पुढं यावं, असं काका म्हणाले. देझो शिंपी म्हणाला, ते मत माझं. येनो मास्तर म्हणाले, छे, माझं. खाणीतून निवृत्त झालेल्या बर्नाबाशनं तर आईची शपथ घेतली. देवाची घ्यायची त्याला पक्षाची मनाई होती. मी हसू दाबत जर्दाळूची दारू ओतत होतो.

तेवढ्यात काकांची बायको, रोझालियाकाकू, त्यांना जेवायला बोलवायला आल्या. काकू रविवारचं चर्च कधी चुकवत नाहीत. दारात उभं राहून त्यांनी सगळं ऐकलं.

"उगाच शपथा कशाला घेता? ते मत माझं होतं," त्या म्हणाल्या. "म्हातारा भिजतोय आणि कुणी कागदाला हात लावेना. मला दया आली."

सगळ्यांच्या माना काकांकडे वळल्या. म्हणजे काकांनीसुद्धा काकांना मत दिलं नव्हतं.

"स्वतःलाच मत देणं बरं दिसत नाही," काका पुटपुटले. "तो व्यक्तिवाद झाला."

"मग दिलंत कुणाला?" मास्तरांनी विचारलं.

"सरपंचबाईंना. आपल्या गल्लीचा रस्ता करून देते म्हणाली."

"मलाही तेच म्हणाली," देझो बोलून गेला आणि ग्लासात बघायला लागला.

फितुरीचा विषय तिथंच मिटला. पुढच्या खेपेला काकूंनाच उभं करायचा ठराव झाला. काकूंनी प्रचार केला तो चर्चच्या दारात, प्रार्थना सुटल्यावर. गावच्या यच्चयावत बायकांनी त्यांना मतं दिली आणि काकू निवडून आल्या.

तेव्हापासून चौघांची झोप उडाली आहे. हरल्यावर कसं वागायचं ते त्यांना पाठ होतं. हा विजय पक्षाचा धरायचा की पाद्रीबुवांचा, यावर माझ्या मागच्या खोलीत अजून वाद चालू आहे. काकू मात्र त्या बैठकांना येत नाहीत. म्हणतात, मला कामं आहेत.