पुस्तकांचे कपडे

केस कापून, मित्राकडे जेवून दुपारी उशिरा घरी आलेल्या घड्याळजींना दारातच साबणाचा वास आला आणि ते घाबरून उंबऱ्यातच थांबले. साबणाच्या वासाला एवढं घाबरण्यासारखं तसं काही नसतं. पण हा वास न्हाणीघरातून येत नव्हता. तो पुस्तकांच्या फळीवरून येत होता.

फळी म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हतं. शिवणयंत्राच्या वर भिंतीला ठोकलेल्या तीन फळ्या आणि त्यांवर त्रेचाळीस पुस्तकं. पण यांतलं एकही पुस्तक उघडंवाघडं नव्हतं. लग्न झालं त्याच वर्षी घड्याळजींच्या बायकोनं गिऱ्हाइकांच्या उरलेल्या कापडातून प्रत्येक पुस्तकाला अंगरखा शिवायला घेतला आणि पुढे ती रीतच पडली. नवं पुस्तक आलं की आठ दिवसांत त्याला कपडा. दीपगृहाच्या कादंबरीला तपकिरी कॉर्डरॉय, प्रेमकथेला सॅटिन, खुनाच्या गोष्टीला रेनकोटचं कापड, घरगुती औषधांच्या पुस्तकाला जाड लोकरीचा तुकडा. बाईंना वाचता येत नव्हतं. शाळेची पायरी त्या कधी चढल्याच नव्हत्या. गिऱ्हाइकांची मापंसुद्धा दोऱ्याला गाठी मारून लक्षात ठेवायच्या. पुस्तक कुठलं ते त्यांना कपड्यावरून कळायचं. रोज संध्याकाळी सहाला घड्याळजी आपलं घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद करून यायचे, फळीवरून एक पुस्तक काढायचे आणि मोठ्यानं वाचायचे. खाली बाईंचं मशीन खटखटत असायचं. एकेचाळीस वर्षं हा नेम चुकला नव्हता.

गेली दोन वर्षं मात्र घड्याळजी वाचत नव्हते. वाचल्याचं सोंग करत होते.

त्यांच्या डोळ्यांचा मधलाच भाग गेला होता. ज्याच्याकडे बघावं तेवढंच नेमकं दिसत नसे, आजूबाजूचं सगळं दिसे. रस्ता दिसायचा, खुर्ची दिसायची, कपातला चहा सांडायचा नाही. पण अक्षर म्हणाल तर एकही नाही. बायकोचा चेहरा बघायचा तर त्यांना खिडकीकडे तोंड करावं लागे. डॉक्टरांनी "यावर इलाज नाही" म्हटलं त्याच आठवड्यात पाठदुखीचं निमित्त सांगून त्यांनी दुकान बंद केलं आणि खऱ्या कारणाबद्दल घरात चकार शब्द काढला नाही. भिंग डोळ्याला लावून उभं आयुष्य काढलेल्या माणसाला डोळे गेले हे सांगायची लाज वाटत होती. दुकान गेलं, आता संध्याकाळचं वाचन गेलं तर या घरात आपला उपयोग काय, हा त्यांचा खरा प्रश्न होता. मग त्यांनी आठवणीवर भिस्त ठेवली. बोटांनी कपडा चाचपायचा, पुस्तक काढायचं, पाठ होतं तेवढं म्हणायचं आणि जिथे विसरलं तिथे आपल्या पदरचं घालायचं. मधूनमधून पान उलटायला विसरायचं नाही, एवढंच.

आता सगळी मदार ज्या कपड्यांवर होती त्यांनाच साबणाचा वास येत होता.

"बाबा, बघितलंत का?" सूनबाई हात पुसत बाहेर आली. आठ दिवसांची सुट्टी काढून ती आली होती, आणि स्वस्थ बसणं हा प्रकार तिला ठाऊकच नव्हता. "सगळे कपडे काढून धुतले, इस्त्री केली आणि परत चढवले पण! दोन बादल्या काळं पाणी निघालं, तुम्हाला सांगते."

"वा, वा," घड्याळजी म्हणाले. "ज्याचा त्याला चढवलास ना गं?"

"हो तर! मापाप्रमाणे. मोठ्यांना मोठे, मधल्यांना मधले, लहानांना लहान. एकसुद्धा ढगळ नाही."

सूनबाई तयार कपड्यांच्या दुकानात मांडणीचं काम करायची. तिच्या लेखी कपडा म्हणजे माप, आणि एका मापाचे सगळे कपडे सारखेच. बाईंनीही सोयीसाठी तीनच मापं बेतली होती. म्हणजे मधल्या मापाचे वीस कपडे वीस पुस्तकांवर वाटेल तसे चढले होते, आणि दीपगृह त्यांतच कुठेतरी होतं. तिला बोल तरी कसा लावणार? एवढ्या मायेनं धुतलं होतं पोरीनं.

घड्याळजी खुर्चीत बसले, उठले, पाणी प्यायले, पुन्हा फळीपाशी गेले. बाई सकाळपासून शिवलेले ब्लाउज गिऱ्हाइकांना पोचवायला गेल्या होत्या. सूनबाई गच्चीवर चादरी काढायला गेली तशी त्यांनी घाईघाईनं कॉर्डरॉय ओढला आणि आतलं पुस्तक चाचपलं. कागद गुळगुळीत होता. दीपगृहाचा कागद खरखरीत, हे नव्हे. सॅटिनमध्ये हात घातला, जाडी कमी. टॉवेलच्या कापडातल्या पुस्तकाचा पुठ्ठाच निराळा. कुठलं पुस्तक नुकतंच तपासलं हेही त्यांना कळेना, एकच पुस्तक दोनदा हातात आलं आणि त्यांना स्वतःचाच राग आला. तेवढ्यात कॉर्डरॉयच्या आतल्या घडीवर बोट अडखळलं. तिथे दोऱ्याच्या बारीक गाठी होत्या. डाव्या अंगाला काही, उजव्या अंगाला काही. धुण्यात दोरे निघाले असावेत, असं त्यांना वाटलं, आणि जिन्यावर पावलं वाजली म्हणून त्यांनी सगळं होतं तसं कोंबून ठेवलं.

पावलं बाईंची होती. आल्या आल्या पिशवीही खाली न ठेवता त्या फळीकडे गेल्या. घड्याळजींनी चटकन खिडकीकडे तोंड वळवलं आणि डोळ्याच्या कडेनं पाहिलं. बाईंनी नेमका कॉर्डरॉय काढला, आतल्या घडीत बोट घातलं, काहीतरी चाचपलं आणि पुस्तक हळूच परत ठेवलं.

हिला संशय आलाय, घड्याळजींच्या मनात आलं. तसं बाईंचं वागणं वर्षभर बदललंच होतं. गॅसच्या बटणाला लाल दोरा, किल्लीला पिवळा दोरा, जिथे तिथे दोरे. "काल मंगळवारच होता ना?" असं दिवसातून तीनदा विचारायच्या. नवी कामं घेत नव्हत्या. घड्याळजींना आपल्याच चोरीची धास्ती इतकी की बायको काहीही बोलली तरी ती आपल्यालाच पकडायला बोलते आहे असं त्यांना वाटे.

सहा वाजायला आले. घड्याळजींनी दोनदा खाकरून पाहिलं.

"आज घसा बसलाय जरा."

"सकाळी तर गात होतात," बाई म्हणाल्या. "आज दीपगृहाचं शेवटचं प्रकरण वाचा."

"अगं, ते तर परवाच झालं."

"परवा?" बाईंचा आवाज एकदम बारीक झाला. "परवा नाही. दोन-तीन महिने झाले असतील. झालेत ना?" मग त्या सुनेकडे वळल्या. "सूनबाई, तू त्यांच्या शेजारी बस. अगदी लागून बस. आणि शेवटी काय होतं ते नीट ऐक."

झालं. आता पळायला वाट नव्हती. घड्याळजींनी कॉर्डरॉय काढला, कारण बाईंच्या नजरेला दीपगृह म्हणजे कॉर्डरॉयच. आत काय आहे ते देव जाणे. त्यांनी शेवटाकडचं एक गुळगुळीत पान उघडलं, मान खाली घातली आणि सुरुवात केली.

"'वारा उत्तरेकडून सुटला तेव्हा रखवालदारानं दिव्याच्या काचा पुसून घेतल्या. खाली खडकांत एक होडी अडकली होती...'"

मशीन सुरू झालं. शेजारी सूनबाई आधी सावरून बसली. मग तिनं मान पुढे काढली. मग फिसकन हसू यावं तसा तिच्या नाकातून आवाज झाला, आणि लगेच तिनं तो दाबला. थोड्या वेळानं काहीतरी त्यांच्या तोंडासमोर सावकाश हललं. त्यांना कडेनं तिचं कोपर तेवढं दिसलं. पोरगी आपल्या डोळ्यांपुढे हात हलवून बघत होती.

ते थांबले नाहीत. थांबून काय सांगणार होते? होडी हेलकावे खात होती, रखवालदार दोर बांधून पाण्यात उतरत होता, त्याची बायको वरच्या खिडकीत कंदील धरून उभी होती. मूळ पुस्तकात तो बुडतो. पण दोन वर्षांपूर्वी, डॉक्टरांकडून आले त्या संध्याकाळी, नेमकं हेच प्रकरण आलं होतं आणि त्याला बुडवायला घड्याळजींची जीभ रेटेना. त्यांनी त्याला जिवंत परत आणला होता. तेव्हापासून ज्या दिवशी जसं मन असेल तसं ते त्याचं करत. आज सून शेजारी बसली होती, घरात आलेल्या माणसापुढे मरण कशाला?

"'...आणि दारावर थाप पडली. ओलाचिंब रखवालदार दारात उभा होता. तो म्हणाला, चहा टाक.'"

मशीन थांबलं.

"सूनबाई," बाई म्हणाल्या, "काय झालं गं त्याचं?"

"तो... परत आला, आई."

"पुस्तकात लिहिलंय तसं? तू डोळ्यांनी बघितलंस?"

सूनबाईनं सासऱ्यांकडे पाहिलं. ते पानात मान घालूनच बसले होते. तिला त्यांची दया आली आणि ती चांगल्या मनानं खोटं बोलली.

"हो, आई. लिहिलंय तसंच."

बाईंनी मशीनच्या चाकावर हात ठेवला आणि तो तिथेच राहिला.

"मग गेलंच माझं डोकं," त्या म्हणाल्या.

"असं काय बोलतेस?" घड्याळजी म्हणाले.

"त्या कपड्याच्या आत बघा. दर वेळी गाठ मारलीय मी. तो मेला की डावीकडे, जगला की उजवीकडे. डावीकडे चार आहेत, उजवीकडे तीन. पुस्तक का कधी बदलतं? छापलेलं ते छापलेलं. म्हणजे मीच काहीतरी भलतं ऐकते, भलतं लक्षात ठेवते." त्यांना रडू फुटलं, पण बोलणं थांबेना. "माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं हो. आधी सांगितलेलं विसरायची, मग रस्ता विसरायला लागली, शेवटी मला म्हणाली, बाई, तुम्ही कोण? मी गॅसला दोरा बांधते, किल्लीला बांधते. वर्षभर झोप नाही मला. तुम्हाला सांगायचं धाडस होईना. तुम्ही तर हल्ली माझ्याकडे बघतसुद्धा नाही, बोलायला लागले की खिडकीकडे तोंड फिरवता. मला वाटलं, यांना कळलंय, म्हणूनच."

घड्याळजींच्या हातातून पुस्तक मांडीवर पडलं. दोन वर्षं ते स्वतःला जपत होते, आणि ही इथे, तीन हातांवर, एकटी जळत होती. त्यांना स्वतःची शिसारी आली.

"डोकं तुझं धड आहे गं," ते म्हणाले. "डोळे गेलेत, माझे. दोन वर्षं झाली. मी वाचत नाही, मनाचं सांगतो. त्याला मारतोही मीच आणि जगवतोही मीच."

"माझी समजूत काढू नका."

"समजूत नाही! सूनबाई, सांग तिला. माझ्या हातात काय आहे ते सांग."

सूनबाईनं पुस्तक उचललं आणि सासूपुढे धरलं. पानभर एक कोंबडा छाती काढून उभा होता, आणि त्याच्या तुऱ्याला, चोचीला, नख्यांना बाणांनी आकडे दिले होते.

"आई, हे कोंबडीपालनाचं पुस्तक आहे," ती रडवेल्या आवाजात म्हणाली. "कपड्यांची अदलाबदल मी केली. आणि मघाशी खोटंही मीच बोलले."

बाई कोंबड्याकडे बघत राहिल्या. कोंबडा काय आणि समुद्र काय, हे कळायला अक्षरओळख लागत नव्हती. पण त्यांचा जीव अजून थाऱ्यावर नव्हता.

"खरं पुस्तक काढ," त्या म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता."

तिघांनी मिळून फळी खाली केली. सूनबाई पुस्तकांचे कपडे ओढून काढत होती आणि नाव वाचत होती, बाई रिकामे कपडे घट्ट छातीशी धरत होत्या, घड्याळजी नुसतेच मधे मधे येत होते. पलंगावर उघड्या पुस्तकांचा ढीग झाला. दीपगृह निघालं लोकरीच्या कपड्यात, घरगुती औषधांच्या जागी.

"शेवटचं पान," बाई म्हणाल्या. "बोट ठेवून वाच."

सूनबाईनं बोट ठेवलं. "'सकाळी वारा पडला. होडीतली माणसं किनाऱ्याला लागली होती. दोराचं टोक मात्र मोकळंच वर आलं. तिनं कंदील विझवला, दार लावलं आणि दिव्याच्या काचा पुसायला ती जिना चढू लागली.'"

"म्हणजे मेला?"

"मेला, आई."

"पुन्हा वाच."

तिनं पुन्हा वाचलं. बाईंनी डोळ्यांना पदर लावला, आणि त्यांच्या तोंडून आधी हुंदका आला की हसू, ते कुणालाच कळलं नाही.

"मेला!" त्या म्हणाल्या. "मेलाच होता तो! मला पहिल्यापासून बरोबर आठवत होतं. मेला गं बिचारा, मेला!"

त्यांनी सुनेचे दोन्ही हात धरले आणि लग्नघरात हसावं तशा मोकळ्या हसल्या. मग खाली पडलेले कपडे गोळा करत नवऱ्याला म्हणाल्या, "आणि तुम्ही! दोन वर्षं! थांबा, तुमच्याकडे बघतेच आता."

"बघ," घड्याळजी म्हणाले, आणि बाईंचं हसू नीट दिसावं म्हणून त्यांनी खिडकीकडे तोंड वळवलं.