बुडाचा कागद

साहेब, काच तुम्ही फोडलीत. नोटिशीत नाव चेतनाचं टाकलंत, तरी फोडलीत तुम्हीच. कशी, ते ऐका.

प्रशिक्षणाच्या दिवशी कळसाडीच्या बचत गटापुढे तुम्ही चार गोण्या रिकामे काचेचे ग्लास ओतलेत. सुरतेच्या कुठल्याशा हॉटेलात वासाच्या मेणबत्त्या जळून गेल्या, त्यांचे हे ग्लास. यांत पुन्हा मेण भरा, मोगऱ्याचा वास घाला, जिल्ह्याच्या प्रदर्शनातला स्टॉल तुमचा, म्हणालात. बायांनी टाळ्या वाजवल्या. चेतना गटाची अध्यक्ष, बारावी झालेली. तिने एक ग्लास उलटा करून बघितला.

"सर, बुडाला कागद चिकटवलाय. इंग्रजीत काहीतरी लिहिलंय, चित्रं पण आहेत. राहू द्यायचा का?"

"खरवडा," तुम्ही म्हणालात. "दुसऱ्याचा कागद दिसला तर आपली काय इज्जत राहील? माल नवा दिसला पाहिजे."

मग काय, खरवडला. ग्लास कढत पाण्यात उभा केला की तळाचं जुनं मेण सुटायचं, वातीची पत्र्याची टिकली सुरीनं उचकली की निघायची. पण तो कागद भलता चिवट. बायांची नखं मोडली. निर्मलाबाईच्या अंगठ्यातून रक्त आलं. एकशेवीस ग्लास आरशासारखे झाले, तेव्हा तुम्ही एक हातात धरून फोटो काढून घेतलात. टाकाऊतून टिकाऊ!

एक ग्लास तेवढा सुटला. चेतनाच्या सासूनं, भिकुबाईनं, तो आधीच लांबवला होता. "हाई मन्ही मिसरीनी डबी शे," म्हणाली. "तुम्हना साहेबले सांगू नका."

आमच्याकडे घरात नवं काही झालं की पहिलं देवीपुढे. त्यात श्रावण, घरात कानबाई बसलेली. मेण भरून झालेली पहिली मेणबत्ती भिकुबाईनं कानबाईच्या पाटावर ठेवली. सकाळपासून जळत होती. घरभर मोगरा दरवळला, शेजारच्या बाया वास घ्यायला येऊन गेल्या. दुपारी चेतनाला दिसलं, मेण तळाला गेलंय आणि ज्योत काचेला चाटतेय.

"आत्या, विझाडी टाकू का?"

"फुंक मारशी? कानबाईना दिवाले?" म्हातारी कडाडली. "जिता दिवा कोनी फुंकस का वं? आपेआप शांत होई."

खरंच, कोण फुंकतं? दिव्याला तोंड लावायचं नाही, हे आम्ही चालायच्या आधी शिकतो. तेल सरतं, वात सरते, दिवा शांत होतो. चेतनानंही हात मागे घेतला. भिकुबाई पाटावरचं नारळ सरळ करायला वाकली आणि सुपारी फुटावी तसा आवाज झाला. ग्लासचं बूड उडालं. उकळतं मेण म्हातारीच्या उजव्या हातावर.

त्या हाताची दोन बोटं अजून वळत नाहीत. भाकर थापता येत नाही, स्वतःची वेणी घालता येत नाही. मिसरी डाव्या हातानं लावते आणि साहेबांना शिव्या देते.

हात भाजला त्याच्या दुसऱ्या दिवशी चेतना तुमच्या कार्यालयात अर्ज घेऊन आली. बाकीचे एकशे एकोणीस ग्लास विकायला देऊ नका, कुणाचं तरी लेकरू भाजेल, असं तिने स्वतःहून लिहिलं होतं. लपवलं असतं तर कुणाला कळलं असतं? तुम्ही अर्ज ठेवून घेतलात आणि आठ दिवसांनी नोटीस पाठवलीत. गटानं प्रशिक्षणातल्या सूचना पाळल्या नाहीत, अध्यक्षांच्या निष्काळजीपणामुळे दुर्घटना घडली, तसा लेखी कबुलीजबाब द्यावा. अन्यथा गट प्रदर्शनातून बाद.

निर्मलाबाई घरी आली. "सही करी टाक ना वं. तुन्हं एकलीनं नाव जाई, आम्हना स्टॉल तरी ऱ्हाई."

"आणि आत्याचा हात?"

"हात काय सही कऱ्यावर वळनार शे?"

चेतना ओट्यावर जाऊन बसली. भिकुबाई डाव्या हातानं मिसरीचा ग्लास उचलत होती, तो निसटून पालथा झाला. ओट्यावर काळी पूड सांडली आणि वर बूड आलं. बुडाला कागद, जसाच्या तसा. चेतनानं पदरानं पुसून एकेक शब्द मोबाईलमध्ये घालून मराठीत अर्थ काढला. मेण अर्धा इंच उरलं की ज्योत विझवा. पुढे वापरू नका. काच फुटू शकते. शेजारी चित्र, तडा गेलेल्या ग्लासचं. अंगठेबहाद्दरालाही कळेल असं.

एकशेवीस ग्लासांच्या बुडाला हे होतं. तिने स्वतःच्या नखांनी काढलं होतं.

आज ती तुमच्यासमोर उभी आहे. तुम्ही खुर्ची दिली नाहीत. कबुलीजबाब टाईप करून तयारच ठेवलाय, पेनही वर ठेवलंय.

"कर सही, संपव विषय," तुम्ही म्हणालात. "पुढच्या वर्षी बघू तुझं."

तिने पिशवीतून मिसरीचा ग्लास काढला आणि तुमच्या कागदावर पालथा ठेवला. काळी पूड कबुलीजबाबावर सांडली.

"सही करते, सर. आधी हे वाचा. तुम्हाला इंग्रजी येतं. मोठ्यानं वाचा, बाहेर गटातल्या बाया बसल्यात, त्यांना ऐकू जाऊ द्या."

तुम्ही वाचलंत. मनातल्या मनात. मग खिडकीकडे बघू लागलात.

"खिडकीत काय आहे, सर? इकडे बघा. हे खरवडा म्हणून आम्हाला कोणी सांगितलं? नाव सांगा. मी तेच नाव लिहिते आणि खाली सही करते. बोला, काय लिहू?"