आठ महिने मुकी राहिलेली पायपेटी

मित्रांनो, मी एका चर्चमधली जुनी पायपेटी. पायांनी भाता हलवायचा, हातांनी पट्ट्या दाबायच्या, की मी गाते. एका म्हाताऱ्या सुताराने मला सागवानातून घडवले. पहिल्याच रविवारी मंडळींनी माझे इतके कौतुक केले की माझा भाता अभिमानानेच फुगला.

पुढे एक तरुण घड्याळजी मला वाजवू लागला आणि एकोणीस वर्षे वाजवत राहिला. उपासना संपून सगळे गेले की तो माझ्या झाकणावर कपाळ टेकून पुटपुटे, "देवा, मला बदल." काय बदलायचे, ते मला कळत नसे. त्याच्या बोटांत तर काहीच खोट नव्हती.

एका रविवारी त्याने आमच्या चर्चच्या धर्मगुरूंना, पाळकसाहेबांना, सांगून टाकले, "साहेब, माझं प्रेम एका पुरुषावर आहे. त्याची बेकरी आहे, आम्ही एकत्र राहतो. इतकी वर्षं देवाकडे बदल मागितला. आता वाटतं, त्यानंच मला असं घडवलंय. मला तोही सोडायचा नाही आणि चर्चही."

पाळकसाहेबांचा चेहरा उतरला. "मग पेटीवर बसू नकोस," एवढेच ते म्हणाले. त्यानंतर घड्याळजी चर्चला येईनासा झाला.

पुढच्या रविवारी मंडळीतल्या एक निवृत्त शाळाबाई काठी टेकत आल्या आणि थेट माझ्या स्टुलावर बसल्या.

"बाई, तुम्हाला वाजवता येतं?" पाळकसाहेबांनी विचारले.

"छे! पण जागा अडवता येते. त्याला परत आणेपर्यंत मी हलायची नाही. आणि डोळे वटारू नकोस, तुला बाराखडी मीच शिकवलीय."

आठ महिने दर रविवारी बाई तशाच बसल्या. मंडळींची गाणी भरकटू लागली. उंदरांनी माझा भाता कुरतडला.

शेवटी एका मंगळवारी पाळकसाहेब घड्याळजीला घेऊन आले. गुडघ्यांवर बसून तो भात्याला चामड्याचे ठिगळ लावू लागला. साहेबांनी बॅटरी धरली होती. उजेड सारखा भलतीकडेच जात होता.

"साहेब, उजेड भात्यावर धरा."

"भात्याचं नुसतं निमित्त आहे रे. तू खरं बोललास आणि मी तुला दार दाखवलं. मला अजून सगळं उमगलेलं नाही. पण 'आपण एक कुटुंब' असं म्हणताना हल्ली माझी जीभ अडखळते. माफ कर मला. परत ये."

घड्याळजीने ठिगळाची कड अंगठ्याने दाबून बसवली. "एकटा नाही येणार."

"दोघं या."

दोघे आले. त्या दिवशी दोन कुटुंबे उठून गेली. त्यांतले एक नंतर परतले, एक नाही. बेकरीवाला पहिल्या बाकावरून इतका बेसूर गायला की शाळाबाईंना हसू दाबायला तोंडाशी रुमाल धरावा लागला. सगळे गेल्यावर घड्याळजी माझ्यापाशी थांबला. त्याने देवाकडे काहीच मागितले नाही. "देवा, उपकार आहेत तुझे," म्हणाला आणि माझे झाकण हळूच लावले.

मित्रांनो, आता माझे काही सूर घरघरतात. तरी माझ्या वाट्याला आलेल्या माणसांबद्दल मी कृतज्ञ आहे. माझ्यावर ओल्या कुंड्या ठेवू नका, धूळ पुसत जा. आणि तुमच्यातला कुणी गाता गाता गप्प झाला, तर मला वाजवायची घाई नको. आधी त्याचे दार वाजवा.